नाताळचं घरचं गोडधोड बंद करावं का? तुमच्याकडे काय टिकलं, काय गेलं?

फुलबागवाली

नमस्कार मंडळी.

आगमनकाळ सुरू झाला, चर्चमध्ये जांभळी वस्त्रं दिसू लागली आणि आमच्या घरात वादावादीही सुरू झाली. म्हणून हा धागा.

आम्ही वसईचे, आगाशीकडचे. नाताळचा सगळा घाट आजवर आईनेच घातला. डिसेंबर अर्धा झाला की ओटीवर जुनी चादर अंथरायची आणि आम्ही सगळ्या पोरांनी भोवती बसून कुल्कुल (मैद्याचे छोटे तळलेले गोड तुकडे) वळायचे. न्यूऱ्या (आमच्या करंज्या), थाळी स्वीट, मिल्क क्रीम, आणि २४ ला रात्री चर्चमधल्या मिस्साहून (उपासनेहून) आल्यावर गरम फुगे. तळायला कायम आई. आम्ही वळणारे आणि खाणारे.

यंदा तिने ऑगस्टमध्येच जाहीर केलं, "गुडघे गेले. मी कढईपुढे उभी राहणार नाही. करायचं तर करा, आणायचं तर आणा, मला विचारू नका."

तेव्हापासून घरात दोन तट आहेत. धाकटी वहिनी म्हणते, महिला गटाकडून सगळं मागवू, त्या छान करतात, चार बायकांना पैसेही मिळतील. थोरला भाऊ म्हणतो, घरचं नाही तर नाताळ कसला. (यांनी आजवर एकही न्यूरी तेलात सोडलेली नाही, हे नोंदवून ठेवते.) मी मध्ये. रोज विरार लोकलने अंधेरी गाठते, त्यामुळे माझं मत कुठल्या बाजूला झुकतंय ते सांगायला नको.

तर तुमच्याकडे नाताळचं काय टिकलं, काय गेलं? जे गेलं ते ठरवून बंद केलं की आपोआप सुटलं? आणि सुटल्यावर चुकचुकलं का?

---

खडूस म्हातारा

थोरल्या भावाला कढईपुढे उभं करा. धागा बंद करायला हरकत नाही.

---

पेठेतला

वरील प्रतिसादाला +१००.

मी ख्रिस्ती नाही, पण लहानपण पुण्यात पंचहौदजवळ गेलं, म्हणून नाक खुपसतो. शेजारच्या काकूंकडून २५ ला ताट यायचं, त्याआधी दिवाळीत आमचं ताट त्यांच्याकडे गेलेलं असायचं. आमच्या आईने काही वर्षांपूर्वी चकलीचा सोऱ्या भाचीला देऊन टाकला आणि फराळ विकत आणायला लागली. पहिल्या वर्षी घरात सुतक असल्यासारखी शांतता. दुसऱ्या वर्षी कोणाच्या लक्षातही आलं नाही. तिसऱ्या वर्षी आई दिवाळीत चक्क केरळला फिरायला गेली.

शेजारच्या ताटाची देवाणघेवाण मात्र थांबली. विकतचं ताट विकतच्या ताटाला काय देणार, असं दोन्ही घरांना वाटलं असावं. याचं मला वाईट वाटतं, चकलीचं नाही.

---

खडूस म्हातारा

पंचहौद? तिथे काही खाण्यापिण्याआधी विचार करावा. १८९० मध्ये टिळक-रानड्यांनी तिथे मिशनऱ्यांकडे चहा घेतला आणि प्रायश्चित्ताचा वाद उठला, तो चहा केवढ्याला पडला, आठवतंय ना?

---

पेठेतला

काकूंकडचा चहा आम्ही प्रायश्चित्ताशिवाय पचवला. :)

---

उत्तनकरीण

मी उत्तनची ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसई पट्ट्यातली मूळची कॅथलिक. फुलबागवाली, तुझ्या भावाला एक विचार. 'घरचं' म्हणजे नक्की कुठल्या सालचं?

माझी आजी फुग्याचं पीठ ताडीने फुगवायची. पहाटे माडावरून उतरलेली ताडी, मैदा, अंडी, नारळाचं दूध. आईच्या काळात ताडीवाला येईनासा झाला आणि यीस्टची पुडी आली. आजी पुढची कित्येक वर्षं म्हणत राहिली की हे फुगे नव्हेत, पाव आहेत. आज मी यीस्टचे करते आणि मुलगी ते 'पारंपरिक' म्हणून फोटो काढून टाकते. आजी असती तर फोन हिसकावून घेतला असता.

बॉटल मसाल्याचंही तेच. मे महिन्यात मिरच्या उन्हात टाकायच्या, मग कुटणाऱ्या बायका दारात यायच्या, उखळीभोवती उभ्या राहून आळीपाळीने मुसळ घालायच्या. बिअरच्या काळ्या बाटल्यांत दाबून भरला की नाताळच्या इंद्याळपर्यंत (आंबट-तिखट मांसाचा रस्सा) वास जसाच्या तसा. आता गिरणीत दळून येतो आणि प्लास्टिकच्या बरणीत राहतो. नाव अजून बॉटल मसालाच.

आम्हा लोकांचं स्वतःचं नावसुद्धा तसं नवंच. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली, त्या सुमारास पुढाऱ्यांनी 'ईस्ट इंडियन' म्हणवून घ्यायचं ठरवलं. म्हणजे ज्याला आपण पूर्वापार म्हणतो त्यातलं बरंचसं कोणीतरी एका दुपारी बसून ठरवलेलं असतं.

तरीही मी फुगे विकत आणणार नाही. त्याचं कारण भावनिक नाही. फुगा कढईतून निघाल्यापासून पंधरा मिनिटांत खायचा असतो. नंतर तो चिवट होतो. न्यूऱ्या खुशाल आणा, त्या डब्यात टिकतात.

---

नुसताच वाचक

फुगे म्हणजे नक्की काय? गुलगुल्यासारखे का?

---

उत्तनकरीण

गुलगुले गोड असतात. फुगा जवळजवळ अळणी, रस्सा टिपायला. पीठ सैल, हाताला चिकटेल असं. डाव्या मुठीत घेऊन दाबलं की अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोळा वर येतो. उजवा हात पाण्यात बुडवून तो गोळा तोडायचा आणि तेलात सोडायचा. पीठ जमलं असेल तर फुगा स्वतःच कूस बदलतो, झाऱ्या लावावा लागत नाही. नाही बदलला तर समजायचं पीठ घट्ट झालं. सोबत इंद्याळ किंवा सोरपोतेल (डुकराच्या मांसाचा आंबट रस्सा).

---

बार्देसचो बाब

सोरपोतेल म्हटलं की मी आलोच. ते २५ ला खाणाऱ्याला काही कळत नाही. २२-२३ ला करायचं, रोज एकदा उकळी द्यायची, आणि खरी चव २६ ला.

आता मूळ प्रश्न. गोव्यात आमचं कुसवार (नाताळचा फराळ) म्हणजे दोदोल, बेबिंका, नेवऱ्या, कलकल, दोस, पेराद, बोलिन्हा. पूर्वी वाड्यावरच्या बायका एकेका घरी जमून दोदोल घोटायच्या. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ. कढईत पळी थांबली की तळाला लागलं. दोन-तीन तास हात बदलत घोटायचं. पुरुषही घोटायचे हो, कारण शेवटी शेवटी ते बायकांच्या हाताला हलत नसे. (म्हणजे पुरुषांचं तसं म्हणणं असे. माझी आजी एकटी घोटायची.)

आता म्हापशाच्या बाजारातून आणतो. निम्म्या गोव्यात हेच चालतं आणि कोणी लाजत नाही.

पण एक रीत आमच्या वाड्यावर अजून घट्ट आहे. ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलं असेल तिथे कुसवार करत नाहीत. तारा लावत नाहीत किंवा लावला तर साधा. आणि त्या घरी बाकीच्यांकडून ताटं जातात. माझे बाबा गेले त्या वर्षी आमच्याकडे एवढी ताटं आली की टेबल पुरलं नाही. त्यातली बरीच म्हापशाच्या एकाच दुकानातली होती, दोदोलाच्या कापावरून ओळखू येत होतं. काही फरक पडला नाही.

---

पेठेतला

आमच्याकडेही गेलेल्या माणसाच्या वर्षी दिवाळीचा फराळ करत नाहीत, शेजारचे आणून देतात. हे गोव्यातही आहे हे माहीत नव्हतं.

---

नगरीभजनी

इथवरचे प्रतिसाद वाचून वाटलं, मराठी ख्रिस्ती म्हणजे किनारपट्टीवरचे कॅथलिकच असा कोणाचा समज व्हायला नको. आम्ही नगर जिल्ह्यातले प्रोटेस्टंट. (अहिल्यानगर म्हणा, तोंडात अजून नगरच येतं.) अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ मध्ये आलं. आमच्याकडे बेबिंका नाही, कुल्कुल नाही, सोरपोतेल तर नाहीच. आमचा नाताळचा फराळ म्हणजे शेव, चकली, करंजी, बुंदीचे लाडू आणि दुपारी मटण. दिवाळी झाल्यावर महिन्याभराने तीच भांडी पुन्हा चुलीवर.

आमच्याकडे नाताळ म्हणजे फेरी. २४ च्या रात्री उपासना झाली की मंडळी निघायची. पेटी एकाच्या गळ्यात दोरीने बांधलेली, मागे ढोलकी, टाळ, खंजिरी, पुढे एका पोराच्या डोक्यावर गॅसबत्ती. रेव्हरंड टिळकांची भजनं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, पण त्यांच्या कीर्तना-अभंगांनी आमच्या गावांना जे गाणं दिलं ते अजून पुरतंय. प्रत्येक दारात एक भजन, एक कडवं कमी नाही, मग चहा. पहाटेपर्यंत एवढा चहा व्हायचा की सकाळच्या उपासनेत पाळकसाहेबांना कोणी झोपलेलं दिसायचं नाही. फेरीत दोन-तीन हिंदू वादकही असायचे, कारण गावातला बरा ढोलकीवाला तोच. हनुमान जयंतीलाही तोच, नाताळलाही तोच.

ठरवून कोणी बंद केली नाही. आधी पोरं पुण्याला शिकायला गेली. मग परत आली ती गिटार घेऊन आणि हिंदी-इंग्रजी गाणी घेऊन. मग पेटी वाजवणारे काका थकले. आता फेरी टेम्पोतून निघते, कीबोर्ड आणि स्पीकर लावून, दहाच्या आत संपते. मला चुकचुकतं. खूप. फराळ विकतचा आला तेव्हा मला ढिम्म वाटलं नाही, पण पेटी गेली तेव्हा नाताळ पातळ झाला.

तेव्हा माझं मत असं, की प्रत्येक घरात एक गोष्ट अशी असते जी काढली की बाकीचं उभं राहत नाही. तुमच्याकडे ती कुल्कुल आहे की फुगे, की आईभोवती बसणं, ते बघा. बाकी सगळं मागवा.

---

सोलापूरची सून

नगरीभजनींचा प्रतिसाद आवडला, पण मला भांडायचं आहे.

मी माहेरची लिंगायत, सोलापूरची. सासर वसईतल्या माणिकपूरचं. लग्न झालं तेव्हा नाताळ म्हणजे केक एवढंच माहीत. सासूबाईंनी एकेक शिकवलं. कंगव्यावर कुल्कुल दाबायचा, नवाकोरा कंगवा, वर्षभर वेगळा ठेवलेला. न्यूरीला मुरड कशी घालायची हे मात्र मी त्यांना शिकवलं, कारण करंजीची मुरड माझ्या आईची होती.

आज परिस्थिती अशी आहे की आमच्या एवढ्या मोठ्या कुटुंबात न्यूऱ्या फक्त मी करते. जन्माने ख्रिस्ती असलेल्या दोन्ही जावा करत नाहीत, नणंदा करत नाहीत. सगळे येऊन म्हणतात, "तू आमची परंपरा टिकवलीस गं." ऐकायला छान वाटतं. मग मी म्हणते, मैदा भिजवायला बस ना जरा. की लगेच कोणाचा तरी फोन वाजतो.

'काय टिकवायचं' यावर एवढे प्रतिसाद आले, 'कोणी टिकवायचं' यावर फक्त खडूस काका बोलले. तेही चेष्टेत.

---

खडूस म्हातारा

चेष्टेत नव्हतो. मी निवृत्त झाल्यापासून आमच्या घरचा केक मीच करतो. फळं ऑक्टोबरात रममध्ये पडतात. रमचा हिशेब मात्र मागू नये.

पूर्वी ओव्हन नव्हता तेव्हा वडील केकचे डबे सायकलला लावून पावाच्या बेकरीत न्यायचे. रात्रीचे पाव निघाले की भट्टीची आच जरा उतरायची, तेव्हा आजूबाजूच्या घरांचे डबे आत. प्रत्येकाच्या डब्यावर नावाची चिठ्ठी, आणि चिठ्ठी जळली की भांडण. एका वर्षी आम्ही कोणाचा तरी फार चांगला केक खाल्ला. कोणाचा ते आजतागायत कळलेलं नाही, आणि आमचा खाणाऱ्याने तक्रार केली नाही हे त्याचे उपकार.

---

नवा डॅडी

सगळे खाण्यावरच का अडकलेत? आमच्याकडे मोठा बदल म्हणजे गोठा, येशूजन्माचा देखावा. पप्पा डोंगर करायचे ते सिमेंटच्या पिशव्यांच्या कागदाचा, त्यावर गेरू. तळं म्हणजे फुटलेल्या आरशाचा तुकडा. शेत म्हणजे करवंट्यांत पेरलेली नाचणी, नाताळच्या दोन आठवडे आधी. मग मध्ये थर्माकोलचा जमाना आला, तयार घरं, तयार पूल. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आली आणि आमच्या आळीतले गोठे परत गवत-बांबूवर आले. सक्तीने का होईना, पप्पांची पद्धत परतली. मी यंदा मुलीकडून नाचणी पेरून घेतली. ती रोज उठून पाणी घालते, फार घालते, कुजणार बहुतेक.

झाडाचं मात्र मला कधी पटलं नाही. प्लास्टिकचं सूचिपर्णी झाड आणि त्यावर कापसाचा बर्फ, वसईच्या बत्तीस डिग्रीत. गोठा आपला, झाड परक्याचं.

---

बार्देसचो बाब

गोठा तरी आपला कुठे? संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ च्या नाताळात इटलीतल्या ग्रेचो गावी जिवंत बैल-गाढव आणून देखावा मांडला, तिथून हे सुरू झालं.

---

नवा डॅडी

बैल तर आपलाच ना?

---

उत्तनकरीण

आमच्याकडे झाड म्हणजे किनाऱ्यावरच्या सुरूची फांदी, वाळू भरलेल्या डालडाच्या डब्यात. दोन दिवसांत सगळ्या सुया गळायच्या. ते आपलं होतं का परक्याचं, मला ठरवता येत नाही. फांदी तोडायला गेलो की राखणदार मागे लागायचा, तो पक्का आपला होता.

---

शारजाकर

राहतो शारजात, नोकरी दुबईला. इथे २५ डिसेंबरला सुट्टी नसते. सुट्टीचा वार आला तर आला, नाहीतर रजा टाकायची. शिवाय २०२२ च्या आधी इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असल्यामुळे आठवड्याची मोठी गर्दीची मिस्सा शुक्रवारी. रविवारची मिस्सा शुक्रवारी हे गावी आईला पटवता पटवता माझी दोन वर्षं गेली असतील. आता शनिवार-रविवार झालं, तर मलाच चुकल्यासारखं होतं.

पदार्थांचं म्हणाल तर डिसेंबरात जो कोणी सुट्टीवरून परत येतो त्याच्या ३० किलोत आमचे कुल्कुल असतात. विमानतळावरून निघेपर्यंत त्यातल्या निम्म्यांचा चुरा. आम्ही तो चुरा चमच्याने खातो. इथल्या माझ्या मुलाला वाटतं कुल्कुल असाच असतो. गावी गेल्यावर अखंड कुल्कुल बघून म्हणाला, "हे काय, शिंपले?"

तेव्हा ताई, महिला गटाकडून मागवणं म्हणजे परंपरा बुडाली असं वाटत असेल तर आमच्याकडे बघा. आम्ही चुऱ्यावर आहोत.

---

माडाखालचा

मध्यरात्रीच्या मिस्साबद्दल कोणी लिहिलं नाही? आमच्याकडे सगळ्यात मोठा बदल तोच. लहानपणी बाराच्या ठोक्याला घंटा, बाळ येशूची मूर्ती गोठ्यात, आणि आम्ही बाकावर आईच्या मांडीवर. आता मैदानातली मिस्सा बाराच्या आत आटपते. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ खुल्या जागी लाऊडस्पीकर नाही. सणांसाठी सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, त्याच्या पलीकडे नाही. करोनाच्या वर्षी, २०२० ला, रात्री ११ पासून संचारबंदीच होती, तेव्हा मिस्सा आणखी अलीकडे आली. आणि लोकांना सवय लागली.

माझ्या मते हे वाईट झालं. जागरण हाच त्या रात्रीचा अर्थ होता.

---

सोलापूरची सून

मला बरं वाटलं. दोन लहान मुलं, एक म्हातारी सासू आणि बारा वाजता मैदानातलं दव. जागरणाचा अर्थ ज्याला सकाळी उठून पाहुण्यांचं बघायचं नसतं त्याला जास्त कळतो.

---

माडाखालचा

हे लागलं. पण मुद्दा बरोबर आहे.

---

नगरीभजनी

आणि तरी मी म्हणेन, ज्यांना जमतं त्यांनी आत, दारं लावून, स्पीकरशिवाय बाराची मिस्सा ठेवावी. आमचं भजन स्पीकरशिवायच चालायचं.

---

मेलबर्नची मावशी

इथे नाताळ भर उन्हाळ्यात. आदल्या संध्याकाळी बागेत मेणबत्त्या घेऊन कॅरल्स, मेलबर्नमध्ये हा प्रकार १९३८ पासून चालू आहे. २५ ला थंड कोळंबी आणि बागेत शेगडीवर मांस. २६ ला यजमान आणि मुलगा क्रिकेटला, घर माझं एकटीचं. खरं सांगू का, हीच माझी आवडती नाताळची परंपरा.

पहिली काही वर्षं हट्टाने सगळं केलं. चाळीस डिग्रीत न्यूरीचं पीठ एवढं सैल व्हायचं की मुरड धरेना. मग हळूहळू एकेक सुटलं आणि कोणाला, मलासुद्धा, काही वाटलं नाही. एकच केलं, कुल्कुलचा दिवस डिसेंबरातून काढून जुलैत नेला. तेव्हा इथे थंडी असते, शाळेला सुट्टी असते. नाताळचा पदार्थ जुलैत, हे वसईत सांगितलं तर लोक वेड्यात काढतील. पण मुलं टेबलाभोवती दोन तास बसतात, काट्याच्या पाठीवर कुल्कुल वळतात, भांडतात. डिसेंबरात तीच मुलं समुद्रावर असतात.

---

खडूस म्हातारा

जुलैत कुल्कुल. बस, आता मी मरायला मोकळा.

---

नुसताच वाचक

शाकाहारी सोरपोतेल होतं का?

---

बार्देसचो बाब

नाही.

---

पेठेतला

अवांतर: या धाग्यामुळे मी काल त्या काकूंना फोन केला. त्या आता मुलाकडे वाकडला असतात. म्हणाल्या, ताट काही होत नाही रे आता, पण २५ ला ये, बिर्याणी मागवणार आहोत. चाललो आहे. दिवाळीचा उरलेला चिवडा न्यावा का, की ते फारच पेठी दिसेल?

---

सोलापूरची सून

न्या. डिसेंबरात चिवड्याला नाही म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही.

---

फुलबागवाली

सगळ्यांचे आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सोलापूरच्या सूनबाईंचा प्रतिसाद मी घरच्या ग्रुपवर नाव न घेता टाकला. रात्रभर कोणी काही बोललं नाही. सकाळी थोरल्या भावाचा एक अंगठा आला.

ठरलं ते असं. न्यूऱ्या आणि मिल्क क्रीम महिला गटाकडून. पहिला डबा चवीला आणला होता. आईने एक न्यूरी मोडून आत बघितलं आणि म्हणाली, "खोबरं कमी घातलंय. मुरड बरी आहे." धाकट्या वहिनीने हे प्रशस्तिपत्रक समजून तिथल्या तिथे पूर्ण ऑर्डर देऊन टाकली.

कुल्कुल घरी, येत्या रविवारी, सगळ्या भाचरांसह. आई खुर्चीत बसणार. "मला विचारू नका" हे तिचं वाक्य अजून लागू आहे, पण मैदा कुठल्या गिरणीचा आणला हे तिने परवा तीनदा विचारलं.

आणि फुगे थोरला भाऊ तळणार. त्याने स्वतःच सांगितलं, मी साक्षीदार आहे. काल रंगीत तालीम झाली. पहिला घाणा निघाला, पण एकाही फुग्याने कूस बदलली नाही, उत्तनकरीण. याचं म्हणणं तेल खराब. आईचं म्हणणं काही नाही, ती नुसती हसत होती. भांडी कोण घासणार यावर अजून एकमत नाही. बहुधा नवा धागा काढावा लागेल.

---

खडूस म्हातारा

फोटो टाका. फुग्यांचा नको, भावाचा.

---

उत्तनकरीण

तेलाला बोल लावू नका म्हणावं, पीठ घट्ट आहे. नारळाचं दूध कोमट करून थोडं थोडं घाल, हाताने खालून वर उचलत फेट, आणि झाकून उबेला ठेव. डिसेंबरात पीठ फुगायला वेळ लागतो, मिस्साला जायच्या आधीच भिजवायला सांग. परत येईपर्यंत दुप्पट झालं पाहिजे. आणि मूठ फार आवळू नको म्हणावं, पुरुष मूठ आवळतात.